इंजिनाला अभिषेक

या, बाप्पा, असे जवळ सरकून बसा. मागं राहिलेल्यांनी पुढं या, सतरंजी मोठी आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खांबाला टेका. आज मी तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. नाक मुरडू नका. गाडीची असली तरी तिच्यात देव आहे, टाळ आहेत, आणि एक बाई आहे, जिनं डोळ्यांना न दिसलेलं दुखणं कानांनी शोधून काढलं. तेव्हा कान तेवढे उघडे ठेवा, बाकीचं माझ्यावर सोडा.

पोंभुर्ण्याच्या पलीकडं, जंगल जिथं शेताच्या बांधापर्यंत येऊन उभं राहतं, तिथं हिरडटोला नावाचं गाव. गावाला मोठी बोडी, म्हणजे आपलं तळं. तळ्याकाठी ढिवरांची घरं, दारोदारी वाळत घातलेली जाळी. त्यातलंच एक घर गोकुळाचं. घर कौलारू, आंगण सारवलेलं, आंगणात जांभळीचं झाड आणि झाडाखाली एक जुनी पांढरी व्हॅन. पांढरी म्हणायची पद्धत म्हणून म्हणतो. एक दार निळं होतं, कारण ते दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं होतं.

ही व्हॅन गोकुळाच्या नवऱ्यानं, शालिकरामनं, चंद्रपुराहून जुनीच आणली होती. सकाळी तिच्यातून मासे पोंभुर्ण्याच्या बाजारात जायचे आणि सांजेला गावाचं भजन मंडळ कीर्तनाला जायचं. मासे उतरले की गाडी धुवायची, उदबत्ती फिरवायची, मग टाळ-मृदंग चढवायचे. तरी धुरपताबाई, मंडळातली सगळ्यात म्हातारी गाणारी, आत बसता बसता नाकाला पदर लावून म्हणायचीच, "शालिकराम, आज कोणता मासा भजनाले येऊन राह्यला रे?" आणि शालिकराम सांगायचा, "मरळ आहे बाई, तुमच्यापेक्षा सुरात आहे."

गाडी बिघडली की तो ती कधी मिस्त्रीकडं न्यायचा नाही. जांभळीखालीच दुरुस्ती. या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली असतं. ती सीट उचलून तो वाकायचा, आणि गोकुळा ड्रायव्हरच्या जागी बसून तो म्हणेल तेव्हा पाय दाबायची. "रेस दे." दिली. "सोड." सोडली. एवढंच तिचं काम. पण वर्षानुवर्षं तिथं बसून तिच्या कानात त्याची सगळी विद्या पडली होती, आणि ती विद्या अर्धी गॅरेजची होती, अर्धी कीर्तनाची. पेट्रोल जिथं हवेत मिसळतं त्याला तो गाडीचा गळा म्हणायचा. गळ्यात कचरा असेल तर अभंग उठेल कसा? इंजिनात तीन सिलिंडर होते, ते त्याचे तीन टाळकरी. एखादा टाळकरी नुसताच हात हलवत असला, वाजवत नसला, तर तो कोणता हे ओळखायचं कसं? तर एकेकाला थांबवून पाहायचं. खऱ्या वाजवणाऱ्याला थांबवलं की भजन डगमगतं. आणि ज्याला थांबवून काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच गप्प होता. हे सांगताना शालिकराम हसायचा आणि गावातल्या दोन-तीन टाळकऱ्यांची नावंही घ्यायचा. ती मी इथं घेत नाही, ती माणसं अजून मंडळात आहेत.

मागच्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शालिकराम तापानं गेला. गाडी जांभळीखाली उभी राहिली. वरून जांभळं पडली, टपावर फुटली, वाळली. कोणी पुसली नाहीत.

मग थंडीत कधीतरी गोकुळा उठली. लेकीकडं, गोंडपिपरीला, जाऊन राहिली आणि तिथल्या एका बाईकडून गाडी चालवायला शिकून, लायसन काढून परत आली. गाव हसलं. तिचा दीर सोमाजी तर म्हणाला, वहिनीनं आता विमान शिकायला हरकत नाही. गोकुळानं त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचेच मासे त्याच गाडीतून बाजारात पोचवले. तेव्हापासून सोमाजीचं तोंड मिटलं, निदान विमानापुरतं. भजन मंडळ पुन्हा गावोगाव जायला लागलं. धुरपताबाईचे गुडघे गेलेले, बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. व्हॅन उभी होती तेवढ्या दिवसांत तिनं एकही कीर्तन ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा पुन्हा गाडीत बसली तेव्हा तिनं वास घेतला आणि त्या निळ्या दारावरून हात फिरवला.

आता घाबरायचा भाग. श्रावणात एकदा गोकुळा आणि धुरपताबाई परतत असताना जंगलातल्या नाल्याच्या वळणावर गाडी बंद पडली. हा वाघाचा रस्ता. चिखलात पाऊल उमटलेलं, ताजं. दोघी काचा लावून बसून राहिल्या. धुरपताबाईनं जे भजन सुरू केलं ते फॉरेस्टचा गार्ड मोटरसायकलनं येईपर्यंत थांबवलं नाही. नंतर ती सांगत फिरली की वाघ होता तिथंच, पण तिसऱ्या कडव्याला उठून गेला. बिघाड काय होता? पेट्रोल संपलं होतं. पण ही गोष्ट चंद्रपुरात गोकुळाच्या मुलाच्या, भूपेशच्या, कानी पोचली तेव्हा तिच्यातलं पेट्रोल गळून पडलं होतं आणि वाघ तेवढा उरला होता.

भूपेश चंद्रपुरात विजेची कामं करतो. बाप गेल्यापासून त्याचा जीव आईत अडकलेला. तो भांडला नाही, रागावला नाही, फक्त त्याची झोप उडाली. शेवटी त्यानं ठरवलं की गाडी विकायची. गोंडपिपरीला जुन्या गाड्या घेणाऱ्या देवरावला विचारलं, देवराव हो म्हणाला, आणि दसऱ्याच्या सकाळी दोघांनी यायचं ठरलं. फोनवर आईला त्यानं एवढंच सांगितलं, "माय, गाडी चालवणं एक आन सुधरवणं एक. बाबा होते तं ते रस्त्यावरच सुधरवून घेत. तू वाघाच्या तोंडात बसून काय करशीन?"

गोकुळानं फोन ठेवला. पोरगा खरं बोलत होता. पाय दाबणं तिला येत होतं. सीट उचलून आत हात घालणं तिनं कधी केलं नव्हतं. शालिकराम गेल्यापासून ती सीट कोणी उचललीच नव्हती.

नवमी आली. आपल्याकडं नवमीला हत्यारं पुजतात हे तुम्हाला माहीत आहे. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, आमच्या ढिवराचं जाळं आणि वल्हं. शालिकरामच्या घरी त्यांच्यासोबत गाडी दुरुस्तीचे पानेही पाटावर बसायचे, हळद-कुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून. एकदा पुजले की दसऱ्याला सांजेला सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्यारांचीही सुट्टी.

गोकुळानं पाटावर सगळं मांडलं. मग गाडी बोडीच्या काठाला नेली आणि धुतली. उद्या जाणारच आहे तर लेक सासरी पाठवावी तशी न्हाऊ-माखू घालून पाठवावी, असं तिच्या मनात. बाहेरून धुऊन झाली. मग तिनं ती सीट उचलली.

खाली इंजिन होतं. तेलकट धुळीनं माखलेलं, आणि त्या धुळीत अजून बोटांचे ठसे. कोणाचे ते मी सांगायला नको. गोकुळा बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिनं तांब्या भरला, डोळे मिटले, आणि देवाच्या मूर्तीवर घालावं तसं त्या इंजिनावर पाणी घातलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा, तोंडानं नाम चालू. हळदीचं पाणी घातलं. कापडानं पुसलं, कुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या, सीट खाली टाकून गाडी घरी आणली. घरापर्यंत गाडी काही बोलली नाही. रात्रभर ते पाणी जिथं मुरायचं तिथं मुरत राहिलं.

दसऱ्याची सकाळ. भूपेश आला, मागोमाग मोटरसायकलवर देवराव आला. देवराव तसा सज्जन माणूस, आल्याबरोबर देवापुढं हात जोडले, चहा घेतला. सोमाजी आलाच होता, धुरपताबाईलाही तिच्या नातीनं आणून जांभळीखाली खुर्चीवर बसवलं होतं. कारण त्या दिवशी चार वाजता चिंचबोडीला कीर्तन होतं, आणि गाडी जायच्या आधी मला शेवटचं तेवढं पोचवून दे, असं साकडं तिनं गोकुळाला घातलेलं.

भूपेशनं चावी फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. सुरू झाली, पण कशी? सगळं अंग हलवत, लंगड्या बैलासारखी, दोन पावलं टाकून तिसऱ्याला गचकन बसत. निळं दार खुळखुळायला लागलं. भूपेशनं आईकडं पाहिलं, आईनं गाडीकडं. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती.

देवरावनं कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. त्याचं म्हणणं पडलं की इंजिन बसलं. आता हे उतरवावं लागणार. तो गाडी नेईल, पण चालवायला नाही, सुटे भाग काढायला. गावातला ट्रॅक्टर घेऊन दोर लावून ओढत नेतो म्हणाला. भूपेशनं पोंभुर्ण्याच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री पलीकडून हसला. त्याच्या दुकानाला हार घातलेला, पाने पाटावर, आज कोण हात लावतो? उद्या सकाळी येतो म्हणाला. चंद्रपूरच्या मिस्त्रीचंही तेच.

गोकुळा एवढा वेळ ओसरीच्या पायरीवर बसली होती. सुटे भाग हा शब्द तिच्या मनात खुपून राहिला. विकायला तिनं मन केलं होतं, तोडायला नव्हतं. ती उठली, पदर खोचला.

"भूपेश," ती म्हणाली, "आज मले चिंचबोडीले जायचं आहे. गाडी मी सुधरवीन. सुधरली, तं ती या आंगणातून कुठी जाणार नाई. नाई सुधरली, तं देवरावभाऊ, तुमी खुशाल दोर लावा. मी तोंडातून शब्द काढणार नाई."

भूपेश म्हणाला, माय, हे पैज लावायचं काम आहे का. पण तिचं तोंड पाहून तो थांबला, आणि थोड्या वेळानं हो म्हणाला. देवरावनंही घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, जेवण इथंच असेल तर मी बसतो.

गोकुळा देवापाशी गेली. पाटावर जाळं, वल्हं, आणि लाल फडक्यावर शालिकरामचे पाने. तिनं हात पुढं केला आणि सोमाजी मागून ओरडला नाही, पण आवाज चढवून म्हणालाच, "वहिनी, पुजलेलं हत्यार आहे ते. सोनं वाटाच्या आधी उचलत नाई. दादानं कधी उचललं का?"

हात तिथंच थांबला. खरंच, शालिकरामनं कधी उचललं नव्हतं. आणि गोकुळा ही देवाला भिणारी बाई. आता काय करावं? बिनापान्याची गाडी सुधरत नाही, आणि पाना घेतला तर पूजा मोडते. तिनं वळून जांभळीकडं पाहिलं. तिथून धुरपताबाईचा आवाज आला, कीर्तनात मागून साथ द्यावी तसा.

"सोमाजी, तुह्यं सारं आयुष्य किर्तनात झोपण्यात गेलं. जागा असता तं ऐकलं असतंस. भक्तानं हाक मारली का देव नैवेद्याच्या ताटावरून उठून धावते. देव ताटावरून उठते, आन पाना पाटावरून उठू शकत नाई का रे?"

देवराव मोठ्यानं हसला. सोमाजीही हसला, डोकं खाजवत. गोकुळानं पाटापुढं डोकं टेकलं, फुलं बाजूला केली, कुंकू तसंच राहू दिलं आणि प्लगपाना उचलला.

आता ऐका, खरी कथा इथून आहे. गोकुळानं सीट उचलली आणि भूपेशला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. तिची जागा आता त्याची. "मी सांगीन तेव्हा रेस दे," ती म्हणाली. हेच वाक्य त्या पोरानं लहानपणी हजारदा ऐकलं होतं, बापाच्या आवाजात.

गाडी लंगडत सुरू झाली. गोकुळा वाकली, डोळे मिटले. कान लावला. एक, दोन, आणि गच्च. एक, दोन, आणि गच्च. तिचा हात नकळत मांडीवर ठेका धरायला लागला. मग तिनं डोळे उघडले. शालिकराम नेहमी म्हणायचा तेच होतं हे. तीन टाळकऱ्यांतला एक वाजवत नव्हता.

प्रत्येक टाळकऱ्याला वरून एक जाड वायर येते, तिच्या टोकाला रबराची टोपी. टोपी ओढली की तो थांबतो. पण गाडी चालू असताना तिच्यात वीज खेळत असते. गोकुळाला ते माहीत होतं, शालिकरामचे झटके खाऊन झालेले चेहरे तिनं पाहिले होते. तिनं हाताला कोरडं फडकं गुंडाळलं, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. सोमाजी जवळ आला. एवढं काय त्यात, म्हणाला, आणि उघड्या हातानं वायर धरली. पुढच्या क्षणी तो आंगणाच्या मध्यात उभा होता, हात झटकत, आणि त्याच्या डोक्यावरची टोपी जांभळीखाली. धुरपताबाईनं विचारलं, "काऊन रे, तुह्या अंगात आलं का?" त्यानंतर सोमाजी लांबूनच मदत करत राहिला.

गोकुळानं पहिली टोपी ओढली. गाडी एकदम कोसळली. धाप लागल्यासारखी दोनदा उचकी दिली आणि बंद पडली. 

"हा वाजवत होता," गोकुळा म्हणाली.

जांभळीखालून धुरपताबाई हळूच बोलली, आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "हो माय. ज्याले काढलं का सारं डगमगते, तोच खरा वाजवत होता."

 गोकुळा टोपी हातात धरून तशीच वाकलेली राहिली. भूपेशनं समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं, बोडीकडं, जिथं वल्हं हातात घेतलेला एक माणूस मागच्या वर्षीच्या रोवणीपर्यंत दिसायचा. मग गोकुळानं नाक ओढलं, टोपी जागेवर बसवली आणि म्हणाली, "चालू कर."

दुसरी टोपी ओढली. तसंच. गाडी कोसळली. हाही वाजवत होता.

तिसरी ओढली. आणि गाडी? गाडीला पत्ताच नाही. तशीच लंगडत राहिली, एक, दोन, गच्च. जणू काही झालंच नाही. सापडला. देवराव बसल्या जागेवरून उठून जवळ आला.

गोकुळानं गाडी बंद करायला लावली आणि टोपी उलटी केली. आतून धार निघाली. पिवळ्या पाण्याची धार, तिच्या तळहातावर, आणि तिच्यात झेंडूची एक पाकळी.

क्षणभर तिला कळेना. मग कळलं. हळदीचं पाणी. काल आपणच घातलेलं. तिनं तो तळहात सगळ्यांना दाखवला, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज आणि हसू एकदमच आलं.

"म्या न्हाऊ घातलं त्याले," ती म्हणाली. "अभिषेक केला."

देवराव पाहत राहिला. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्यानं नाना तऱ्हेनं बिघडलेल्या गाड्या घेतल्या होत्या, पण भक्तीनं बिघडलेली ही पहिलीच. भूपेश स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होता, इतका की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. धुरपताबाईनं निवाडा दिला की देवाला पाणी चालतं, दगडाचा असला तर.

आता पुढचं काम. गोकुळानं पाना लावून टोपीखालचा, ठिणगी पाडणारा प्लग सोडवला. पहिल्यांदा पाना घसरला, बोटाला खरचटलं. दुसऱ्यांदा बसला. ओला प्लग तिनं पुसला आणि चुलीवर तव्यात ठेवला, भाकर शेकावी तसा उलटापालटा करत. "लोकं दसऱ्याले पुरणपोळी करतेत," धुरपताबाई म्हणाली, "आमची गोकुळा पलग भाजून राह्यली." टोपी फडक्याच्या वातीनं आतून कोरडी केली, उन्हात धरली, फुंकली, पुन्हा धरली. उरलेल्या दोन टोप्याही पुसल्या. शेजारून कोणीतरी वरण-भात आणला, देवराव जेवला. ऊन आंगणाच्या कडेपर्यंत सरकलं. मग तिनं प्लग गार होऊ दिला, हातानं आटे लावले, पान्यानं आवळला, वायर बसवली.

"चालू कर."

भूपेशनं चावी फिरवली. एक, दोन, गच्च.

आंगणातल्या सगळ्यांचे खांदे खाली आले. गोकुळा वाकलेलीच राहिली. भूपेशनं गाडी बंद केली आणि खाली उतरून आईच्या पाठीवर हात ठेवला. राहू दे माय, म्हणाला, लय केलं तू. चिंचबोडीले मी तुमाले दुसरी गाडी करून नेतो. तो मनापासून बोलत होता. देवराव मोटरसायकलकडं गेला आणि डिकीतून दोर काढला, पण उलगडला नाही. नुसता हातात घेऊन उभा राहिला.

गोकुळा विचार करत होती. प्लग कोरडा. टोपी कोरडी. मग काय राहिलं? तिनं डोळे मिटले आणि शालिकराम आठवला. तो काम संपवून उठतानाचा. सीट खाली टाकण्याआधी तो नेहमी काहीतरी म्हणायचा. काय म्हणायचा? एकेका टोपीवर तळहात ठेवून दाबायचा, आतून बारीक आवाज यायचा, टक्, आणि तो म्हणायचा, टाळ जुळला. तीन वेळा टक्, तीन वेळा टाळ जुळला. इतक्या वर्षांत तिला वाटलं होतं तो गंमत करतो.

पहिल्या दोन टोप्या बसवताना तिला तो आवाज आला होता का? आला होता. तिसरीला? तिसरीला ती भ्यायली होती. पुन्हा बिघडेल म्हणून हलक्या हातानं ठेवली होती, देवाच्या मूर्तीवर फूल ठेवावं तशी.

"बस गाडीत," ती भूपेशला म्हणाली. तिसऱ्या टोपीवर तळहात ठेवला आणि सगळं अंग टाकून दाबली.

टक्.

"टाळ जुळला," गोकुळा म्हणाली, कोणाला ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू. भूपेशला ऐकू गेलं. त्यानं चावी फिरवली.

आणि गाडी उठली. एक दोन तीन, एक दोन तीन, सलग, कुठं खंड नाही, कुठं ठेच नाही. निळं दार गप्प झालं. पाचोळ्यातून कोंबडी पळाली. धुरपताबाईनं खुर्चीतच दोन्ही हात वर केले, आणि सोमाजीनं, ज्याला गाडी विकली जावी असं मनातून कधी वाटलंच नव्हतं, टोपी उचलून झटकली आणि डोक्यावर नीट ठेवली.

देवराव गाडीभोवती फिरला, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाला, आता तर घेतोच, चालवायलाच घेतो. भूपेश खाली उतरला.

"नाई देवरावभाऊ," तो म्हणाला. "गाडी आमच्या मायची आहे. मी कोण विकणारा?"

देवरावनं दोर पुन्हा डिकीत टाकला. जाताना गोकुळानं त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. त्यानं ती कपाळाला लावली आणि म्हणाला, माझी बी एक गाडी लंगडून राह्यली बाई, कधी येऊ घेऊन? गोकुळानं सांगितलं, या, पण धुऊन आणू नका.

चिंचबोडीला निघायला उशीर झाला. गोकुळा ड्रायव्हरच्या जागी, शेजारच्या सीटवर धुरपताबाई, मागं मंडळ, टाळ, मृदंग, सोमाजी. भूपेश सगळ्यात मागं, खाली, मृदंगाला टेकून. जंगलातला चढ लागला तशी सगळी बोलायची थांबली. नाल्याचं वळण आलं. गोकुळानं गिअर बदलला, कान लावला. एक दोन तीन, एक दोन तीन. चढ संपला. भूपेशनं बापाचा टाळ पिशवीतून काढला, जो त्यानं लहानपणानंतर हातात घेतला नव्हता, आणि इंजिनाच्या ठेक्याला ठेका मिळवून पाहिला. धुरपताबाई तेवढ्याचीच वाट पाहत होती. तिनं गळा मोकळा केला, आणि मग वाघानं काय केलं असेल ते वाघाला ठाऊक.

कीर्तन सुरू झालं होतं, पण बुवांनी मंडळ येताना पाहिलं आणि टाळकऱ्यांत जागा करून दिली. शालिकराम जिथं उभा राहायचा तिथं भूपेश उभा राहिला. त्याचा हात सुरुवातीला चुकला. बुवांनी त्याच्याकडं पाहिलं, हसले, आणि चाल थोडी सावकाश घेतली. दुसऱ्या फेरीला तो जुळला. गोकुळाच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, आणि तळहातावर हळदीचा पिवळा डाग तसाच होता. ती त्याच हातानं टाळी वाजवत होती.

तर बाप्पा, गोष्ट संपली. आता माझं तुमच्याकडं एकच मागणं. तुमच्या गाडीची सीट कधी उचलाल, काहीतरी तुटलेलं आपल्या हातानं जोडाल, आणि जोडताना आतून टक् असा आवाज येईल, तेव्हा एक क्षण थांबा आणि हिरडटोल्याच्या शालिकरामची आठवण काढा. टाळ जुळला म्हणा. त्याला ऐकू जाईल.